गोव्याला जाताना उशीर, येताना लवकर: विमानाच्या दोन वेगांबद्दल

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. एक गृहस्थ जुलै महिन्यात सोलापूरहून गोव्याला विमानाने जाऊन आले. जाताना हवेत जेवढा वेळ गेला त्यापेक्षा येताना पाच-सहा मिनिटं कमी लागली. पुढे मेहुण्याला आणायला होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर गेले, तेव्हा कुंपणाबाहेरून त्यांना विमान खेकड्यासारखं तिरकं उतरताना दिसलं. त्यांच्या बारावीतल्या मुलीने त्यात भर घातली: "वारा समोरून आला की विमान अडतं, मग उडताना वाऱ्याकडे तोंड का करतात? पाठीवर वारा घेतला तर फुकटचा धक्का नाही का मिळणार?" शिवाय तिला क्लासमध्ये सांगितलंय की पंख वरून फुगीर असतो, वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेच्या बरोबरीने पोचायचं म्हणून ती जोरात पळते आणि त्यामुळे विमान उचललं जातं. हे खरं का?

मी तीसेक वर्षं मुलांना विमान उडवायला शिकवलं. आता सोलापुरात घरीच असतो, वेळ आहे, म्हणून त्या गृहस्थांनाच उद्देशून जरा ऐसपैस लिहितो.

चार प्रश्न दिसतात, पण गाठ एकच आहे. आपण बस, रेल्वे, मोटारसायकल यांच्या सवयीने विमानाकडे बघतो. त्या गाड्यांना रस्ता धरून ठेवतो, म्हणून वारा त्यांच्यासाठी बाहेरचा. विमानाचं तसं नाही. चाकं सुटली की त्याचा जमिनीशी संबंध संपला. त्याला फक्त आजूबाजूची हवा कळते, आणि ती हवा स्वतःच कुठेतरी निघालेली असते. म्हणून विमानाला दोन वेग असतात, एक हवेतला आणि एक जमिनीवरचा. विमान उचलतो पहिला, गोव्याला पोचवतो दुसरा. सगळा गोंधळ हे दोन एक समजल्याने होतो. शिकाऊ वैमानिकांचाही होतो, त्यामुळे मुलीला हसू नका.

पतंगापासून सुरुवात करू. संक्रांतीला गच्चीवरून पतंग चढवलाय, मांजा ताणलेला, पतंग एका जागी उभा. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग शून्य, तरी तो तासभर वर राहतो, कारण त्याच्या अंगावरून वारा वाहतोय. आता शेजारच्या पोराने तो काटला. पतंग वाऱ्याबरोबर निघतो, जमिनीच्या हिशेबाने त्याला चांगला वेग येतो, आणि नेमका तेव्हाच तो गोते खात खाली येतो. वाऱ्याच्याच वेगाने जाणाऱ्या वस्तूला वारा लागत नाही. तुमच्या मुलीला हवा असलेला फुकटचा धक्का या काटलेल्या पतंगाला पुरेपूर मिळालेला असतो.

राईट बंधूंनी हे पक्कं ओळखलं होतं. डेटनमध्ये त्यांचं सायकलचं दुकान. विमान उडवायला मात्र ते शेकडो मैल लांब किटी हॉकच्या वाळूत गेले, कारण त्यांना सतत जोरदार वारा हवा होता आणि पडलंच तर मऊ वाळू. तशी जागा शोधायला त्यांनी अमेरिकेच्या हवामान खात्याला पत्र लिहून वाऱ्याचे आकडे मागवले होते. १७ डिसेंबर १९०३ ला ऑर्व्हिलचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं झालं, अंतर १२० फूट. हिशेब करून बघा: जमिनीवरचा वेग ताशी जेमतेम ११ किलोमीटर. गल्लीतला सायकलवाला मागे टाकून जाईल! पण समोरून वारा होता ताशी चाळीसच्या आसपास. म्हणजे पंखांना मिळालेला वेग पन्नाशीचा, आणि त्यावर ते यंत्र उचललं गेलं. त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला. मग विमान नुसतं उभं असताना त्याच वाऱ्याच्या झोताने ते उलथं करून मोडून टाकलं.

इथे कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव काढणारच, म्हणून मीच काढतो. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर विमान उडवलं असं आपल्याकडे सांगतात. मराठी माणूस म्हणून मलाही ते आवडलं असतं. पण उड्डाण झालं असं म्हणायला किती सेकंद, किती अंतर, वारा किती, माणूस आत होता का, उतरवलं कसं, याची त्या वेळची नोंद लागते, आणि तशी पडताळता येईल अशी नोंद तळपद्यांच्या बाबतीत नाही. राईट बंधूंनी वारा मोजायचं यंत्र आणि स्टॉपवॉच विमानावरच बसवलं होतं. मला त्यांचं मोठेपण उडण्याहून या मोजण्यात जास्त वाटतं. १९०१ मध्ये दुकानात वाऱ्याचा बोगदा करून त्यांनी पंखांचे सुमारे दोनशे आकार तपासले आणि तोवर सगळे वापरत असलेला हवेच्या दाबाचा आकडाच चुकीचा असल्याचं शोधून काढलं.

आता क्लासमधलं स्पष्टीकरण. ते निम्मं बरोबर आहे आणि निम्मं कोणीतरी कधीतरी रचलेलं. पंखावरची हवा जोरात वाहते आणि तिथे दाब कमी असतो, हे बरोबर. पण "बरोबरीने पोचायचं म्हणून" हे खोटं. हवेच्या कणांनी पलीकडे भेटायचं एकमेकांना कबूल केलेलं नसतं. बोगद्यात धुराच्या रेषा सोडल्या की स्वच्छ दिसतं, वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पलीकडे पोचते. शिवाय कसरती विमानांचे पंख वर-खाली सारखेच असतात आणि ती उलटी होऊनही उडतात.

मी मुलांना वर्गातल्या छताच्या पंख्याकडे बघायला सांगायचो. पाती जराशी तिरपी बसवलेली असतात, म्हणून ती हवा खाली ढकलतात. पाती अगदी सपाट केली तर पंखा गरगर फिरेल पण खाली वारा येणार नाही. विमानाचा पंख म्हणजे सरळ रेषेत पळणारं एक पातं. तो आपल्या वाटेतली हवा खाली वळवतो आणि त्या बदल्यात स्वतः वर उचलला जातो. वरचा कमी दाब आणि ही खाली वळलेली हवा ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं आहेत. कोणतं खरं यावर भांडण्यात अर्थ नाही.

तिरपेपणालाही मर्यादा असते. साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे पंख तिरपा केला की वरची हवा त्याला चिकटून राहत नाही, विस्कटते, आणि उचल एकदम कोसळते. याला आम्ही स्टॉल म्हणतो. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. जर्मनीत ओटो लिलियेन्थालने १८९१ पासून इंजिनाशिवाय सुमारे दोन हजार वेळा टेकड्यांवरून झेप घेतली. ९ ऑगस्ट १८९६ ला त्याच्या ग्लायडरचं नाक असंच वर गेलं, तो खाली कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. तोल सांभाळायला त्याच्याकडे स्वतःचं लोंबतं शरीर एवढंच साधन होतं. राईट बंधूंनी पंखच पिळायची युक्ती काढली ती यासाठी.

आता उड्डाणाची दिशा. समजा विमान उचलायला हवेतला वेग ताशी २०० लागतो. समोरून २० चा वारा असेल तर धावपट्टीवर १८० पुरतो. पाठीमागून तेवढाच असेल तर २२० लागतो. फरक चाळीसचा वाटतो, पण लागणारी धाव वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास दीडपट. उतरतानाही तेच. म्हणून बहुतेक प्रवासी विमानांना पाठीमागून १० ते १५ नॉटपेक्षा (म्हणजे ताशी सुमारे १८ ते २८ किलोमीटरपेक्षा) जास्त वारा असला तर उडायची-उतरायची मुभाच नसते. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला ०९ आणि दुसऱ्याला २७ असं रंगवलेलं असतं. ते कंपासचे अंश, शेवटचं शून्य काढून. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की विमानं २७ वरून, समुद्राकडे तोंड करून उडतात. आपल्याकडे धावपट्टीशेजारी केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची वाऱ्याची पिशवी असते. पुढच्या वेळी ती बघा आणि विमान कुठल्या टोकाकडे जाईल याची पैज लावा.

वाऱ्याबरोबर उष्णतेचंही सांगायला हवं, कारण सोलापूरकरांना ते जवळचं. आपली धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४२ वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या पंखांना आणि इंजिनाला आपण पाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी विमानाच्या लेखी सोलापूर महाबळेश्वरहून उंच असतं, गारवा तेवढा नाही. अशा वेळी विमान लांब पळतं आणि सावकाश चढतं. छोट्या विमानात तीन माणसं आणि पूर्ण टाकी असेल तर कधी एका माणसाला खाली उतरवावं लागतं. हे मी केलेलं आहे, आणि उतरवलेला माणूस त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलला नव्हता.

हवेतला वेग कळतो कसा? पंखाखाली किंवा नाकाजवळ पुढे तोंड केलेली एक बारीक नळी असते, पिटो नळी. तीत शिरणाऱ्या हवेचा दाब मोजतात. जमिनीवर उभ्या विमानाच्या या नळीला लाल फडक्याची टोपी घातलेली असते, आणि त्याचं मुख्य कारण कुंभारमाशी. दोन दिवस नळी उघडी राहिली की ती आत मातीचं घर बांधायला घेते. मी मुलांना उड्डाणाआधी खाली वाकून नळीच्या तोंडात बघायला लावायचो. आत मातीचा कण जरी दिसला तरी विमान जागेवरून हलायचं नाही. या नळीवाचून वैमानिक आंधळा. जमिनीवरचा वेग आज उपग्रहांमुळे मोबाईलसुद्धा सांगतो, हवेतला मात्र तो सांगू शकत नाही.

आता तुमचा गोव्याचा प्रवास. पंढरपूरला चंद्रभागेला पाणी असताना होडीने पलीकडे गेला असाल तर आठवा. नावाडी होडीचं तोंड समोरच्या घाटाकडे ठेवत नाही, प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवतो. तोंड एकीकडे, होडी जाते तिसरीकडे, आणि लागते बरोबर घाटाला. नाक कुठे आहे ते हेडिंग, आणि जमिनीवर प्रत्यक्ष कुठली वाट कापली जातेय तो ट्रॅक.

सोलापूरहून गोव्याचा मोपा विमानतळ सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास, दिशा जवळपास नेमकी नैर्ऋत्य. पावसाळ्यात वरचा वारा पश्चिमेचा. समजा तो ताशी ५० आहे आणि तुमच्या विमानाचा हवेतला वेग ५००. त्या वाऱ्याचा ३५ च्या आसपास हिस्सा समोरून अडवतो आणि साधारण तेवढाच उजवीकडून ढकलतो. म्हणून वैमानिक नाक चारेक अंश उजवीकडे ठेवतो. जमिनीवरचा वेग जाताना ४६५ च्या आसपास, येताना ५३५. तीनशे किलोमीटरला जाताना ३९ मिनिटं, येताना ३४. तुमची पाच मिनिटं ही अशी.

यात अट आहे. वारा किती उंचीवर किती, कोणत्या टोकाकडून उड्डाण झालं, नियंत्रण कक्षाने वळसा घ्यायला लावला का, यावर पाच मिनिटं सहज इकडची तिकडे होतात. एका खेपेवरून निष्कर्ष काढू नका. आणि जाताना गेलेलं येताना भरून निघतं असंही समजू नका. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ राहता, पाठच्या वाऱ्यात कमी, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी एकूण फेरी नेहमी थोडी तोट्यातच जाते.

पाचशेच्या वेगाला चार अंश किरकोळ आहेत. शिकाऊ विमान १८० ने जातं. त्याला हाच वारा अकरा अंश वळायला लावतो. वळलं नाही तर तासाभरात ३५ किलोमीटर बाजूला. फ्रेंच वैमानिक ब्लेरियोने २५ जुलै १९०९ ला विमानाने इंग्लिश खाडी ओलांडली तेव्हा त्याच्याकडे कंपासही नव्हता. मधली दहा मिनिटं त्याला कुठलाच किनारा दिसत नव्हता. दिसला तेव्हा तो डोव्हरपासून बाजूला भरकटलेला निघाला, मग किनारा धरून त्याला परत यावं लागलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, तेही रेडिओशिवाय. पद्धत सोपी होती: इतका वेग, या दिशेला, इतकी मिनिटं, म्हणून आता मी इथे असायला हवा. मग खाली बघायचं आणि खरंच तिथे आहोत का ते तपासायचं.

तपासण्याचा हा भाग मी एकदा टाळला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पुण्याकडून सोलापूरला एकट्याने यायचं, सव्वादोनशे किलोमीटर. वाऱ्याचा आकडा मी आदल्या संध्याकाळचा धरला, पश्चिमेचा, हलका. सकाळी तो नैर्ऋत्येकडून चांगलाच जोरात होता आणि मला डावीकडे लोटत होता. उजनीच्या धरणाची भिंत डाव्या हाताला दिसायला हवी होती; दिसली उजव्या हाताला. उजनी तेव्हा नवी होती, माझ्या नकाशावर पाण्याचा आकार धड नव्हता, म्हणून मी चूक नकाशाच्या माथी मारली आणि पुढे गेलो. निघाल्यापासून तासाभराने खाली रेल्वेचं मोठं स्टेशन आलं. मला हायसं वाटलं. आता रूळ धरले की सोलापूर! धरले. कंपास ईशान्य दाखवू लागला. सोलापूर आग्नेयेला. मी कंपासच्या काचेवर बोटाने टकटक केली, कंपास अडकलाय असं समजून. दहा मिनिटांनी गाव आलं, पण गावात तळं नाही, किल्ला नाही, सिद्धेश्वराचं देऊळ नाही. आणि रुळांवर खेळण्यातली वाटावी एवढीशी आगगाडी धूर सोडत चाललेली. ते बार्शी होतं. ते मोठं स्टेशन कुर्डुवाडी, आणि तिथे मी बार्शी लाईट या अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेचे रूळ धरले होते.

मागे फिरलो, पुन्हा कुर्डुवाडी, मग मोठे रूळ, माढा, मोहोळ, सोलापूर. उतरलो तेव्हा टाकीत ठेवायला सांगितलेल्यापेक्षा कमी इंधन होतं. शिक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "अरे, कुर्डुवाडीला गाडी बदलायची असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. साठ किलोमीटर गेल्यावर एक किलोमीटर बाजूला म्हणजे एक अंशाची चूक. १८० किलोमीटरवर मी २३ किलोमीटर बाजूला होतो, म्हणजे साडेसात अंश. उजनीच्या भिंतीपाशी हाच हिशेब केला असता तर तिथेच दुरुस्त झालं असतं. विमान मुळीच चुकलं नव्हतं, ते हवेतून अगदी सरळ चाललं होतं. हवा बार्शीकडे निघाली होती.

राहिलं ते कुंपणाबाहेरून दिसलेलं तिरकं विमान. धावपट्टीला आडवा वारा होता, म्हणून वैमानिकाने नाक वाऱ्याकडे वळवून ठेवलं होतं आणि विमान धावपट्टीच्या रेषेतच येत होतं. आम्ही त्याला क्रॅब म्हणतो, तुम्ही दिलेली खेकड्याची उपमा अचूक आहे. टेकायच्या क्षणी पायाने चालवायच्या रडरने, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूने, नाक सरळ करायचं आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवायचा, नाहीतर चाकांवर तिरका भार येतो. बाहेरून बघणाऱ्याला ते धोक्याचं वाटतं. मला धोक्याचं वाटतं ते दुसरंच: उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात वारा पाठीमागून असला की जमीन भराभर मागे पळताना दिसते, आणि नवखा मुलगा वेग फार झाला असं समजून नाक वर ओढतो. हवेतला वेग तेव्हा आधीच जेमतेम असतो. अशा वेळी मी हाताने त्याची खिडकी झाकून म्हणायचो, "बाहेर नको, काट्याकडे बघ."

मुलीच्या परीक्षेबद्दल: बर्नोलीचं तत्त्व, म्हणजे हवा जोरात वाहते तिथे दाब कमी, हे लिहायला हरकत नाही, गुण मिळतील. फक्त "दोन्ही हवा एकाच वेळी पोचतात" हे वाक्य तिने गाळावं. सरांनी विचारलंच तर वर्गातल्या छताच्या पंख्याकडे बोट दाखवावं.